हातोहात चालत आलेली कला

ज्या कलेला बाजारपेठेत दुकान नाही, सरकारदप्तरी नोंद नाही आणि मान्यवर मासिकांत परीक्षण नाही, ती कला एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी क्वचितच विचारात घेतला आहे. त्यांची दृष्टी स्वाभाविकपणेच ग्रंथांवर, ग्रंथकारांवर आणि फार तर प्रकाशकांवर असते. ज्याने चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) अंक आपल्या हाताने मित्राच्या हाती ठेवला, मैफलीची फीत ज्याने रात्र जागून स्नेह्यासाठी उतरवून दिली, त्या मधल्या माणसाचे नाव कोणत्याही सूचीत सापडत नाही. आणि तरीही गेल्या पाऊणशे वर्षांतील मराठी कवितेचा एक फार महत्त्वाचा भाग, हिंदुस्थानी संगीतातील कित्येक थोर गवयांचे ऐन मैफलीतील गायन आणि आंबेडकरी चळवळीचे गीतभांडार, या तिन्ही गोष्टी मुख्यतः अशाच मधल्या माणसांच्या हातांनी आपल्यापर्यंत आल्या आहेत. या व्यवहाराचा आढावा घेताना एक विचार माझ्या मनात सारखा वावरत आला आहे, तो प्रारंभीच सांगून टाकतो. मित्राला काय द्यावे यापेक्षा ते कोणत्या मित्राला द्यावे, या निवडीत या व्यवहाराचे सामर्थ्य होते. आणि त्याची मर्यादाही त्याच निवडीत होती.

हा व्यवहार आपल्याला नवा नाही. महानुभाव पंथाने ‘लीळाचरित्र’ आणि त्यामागून निर्माण झालेले आपले विपुल वाङ्मय ‘सकळा’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि पंथाच्या अनुयायांखेरीज ते कोणाच्या हाती पडणार नाही अशी खबरदारी घेतली. शतकानुशतकांच्या धामधुमीत हे वाङ्मय बऱ्याच अंशी शाबूत राहिले ते या खबरदारीमुळेच. परंतु मराठी गद्याचा हा आद्य ठेवा उरलेल्या महाराष्ट्राला कित्येक शतके ठाऊकच नव्हता, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांच्या परिश्रमाने त्या लिप्यांचा उलगडा झाला तेव्हा कोठे तो उजेडात आला. वारकऱ्यांचा मार्ग नेमका उलट होता. बाडे नकलून घ्यावीत, अभंग मुखोद्गत करावेत, दिंडीत म्हणावेत, ज्याला गळा असेल त्याने ते उचलून पुढे न्यावेत, अशी त्यांची रीत. तिच्यामुळे पाठभेद माजले, प्रक्षेप शिरले, एकाचा अभंग दुसऱ्याच्या नावावर जमा झाला, हे खरे. पण अभंग गावोगावी गेले. पुढील हकीकतीत या दोन्ही रीतींच्या खुणा वारंवार भेटतात, म्हणून त्यांचा उल्लेख आधी केला.

१९५५ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी तरुणांनी ‘शब्द’ नावाचे चक्रमुद्रित अंक काढले आणि तेथून मराठी अनियतकालिकांचा इतिहास सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. कोलटकर तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि चित्रे यांनी तर विशीही गाठलेली नव्हती. साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांच्या पुढाकाराने निघालेले ‘वाचा’, राजा ढाले यांचे नाव ज्यांच्याशी निगडित आहे ती ‘येरू’ आणि ‘तापसी’, शिवाय ‘आता’, ‘फक्त’, ‘भारूड’ अशी कितीतरी नावे पुढे आली. कोणाचे दोन अंक निघाले, कोणाचे दहा. कोणाचा पुढील अंक जाहीर होऊनही निघालाच नाही. पैसा संपला की अंक थांबे, आणि कोणाच्या पगाराचा दिवस आला की पुन्हा निघे. १९७५ च्या आसपास ही लाट ओसरली.

हे अंक हाती घेऊन पाहिले म्हणजे त्यांच्यामागील श्रम ध्यानात येतात. मेणकागद टंकयंत्रात चढवून, शाईची फीत बाजूला सारून, कोऱ्या अक्षरांनी तो टोचावयाचा. टंकयंत्र नसेल तर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षर अन् अक्षर हाताने कोरावयाचे. त्यात आपल्या लिपीची शिरोरेषा सलग आणि जोराने ओढली तर कागद नेमका त्या रेषेवर चिरण्याचे भय, म्हणून हात हलका ठेवावयाचा. चूक झाली तर दुरुस्तीचे द्रावण लावून, फुंकर घालून, ते वाळेपर्यंत थांबून त्याच जागी पुन्हा कोरावयाचे. मग रुळावर शाई, आणि रूळ फिरवील तसतशी एकेक प्रत. शाई शोषून घेणारा खरबरीत कागद, त्याच्या पाठीवर पुढच्या पानाची छाया, एका बाजूस फिकट आणि दुसऱ्या बाजूस काळाकुट्ट उमटलेला मजकूर, आणि कोपऱ्यात टाचणी गंजून पडलेला तांबूस डाग, असे या अंकांचे आजचे रूप आहे. माझ्या पाहण्यातील एका प्रतीत कवितेतून गळालेला एक शब्द निळ्या शाईने हाताने भरलेला आहे. तो भरणारा हात संपादकाचा की वाचकाचा, हे मात्र सांगता येत नाही. मला हे फार बोलके वाटते, कारण या अंकांच्या बाबतीत संपादक, कवी, रूळ फिरविणारा, पाकिटांवर पत्ते घालणारा आणि वाचणारा ही माणसे पुष्कळदा एकच असत. ज्याने आज अंक वाचला त्याने सहा महिन्यांनी आपला अंक काढला, असा क्रम होता.

कायद्याचा आणि टपालाचाही या प्रकाराशी निकटचा संबंध आहे. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्यान्वये नियतकालिक काढणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर जाहीरनामा करून देणे आवश्यक असे, आणि नोंदणी झालेल्या पत्रांना टपालाचा सवलतीचा दर मिळे. आमच्या या तरुणांना ना जाहीरनाम्याची दगदग परवडत होती, ना ठराविक तारखेचे बंधन. अंक निघेल तेव्हा निघेल, ‘खाजगी वितरणासाठी’ असा शेरा मारावा आणि बुकपोस्टाने रवाना करावा, किंवा हाती द्यावा, एवढीच तजवीज. यातून जे स्वातंत्र्य मिळाले त्याची किंमत पुढे द्यावी लागली. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य नियुक्त ग्रंथालयांस धाडणे बंधनकारक झाले होते. हे अंक त्या व्यवस्थेच्या बाहेरच जन्मले, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयांच्या नोंदवह्यांत ते सहसा आढळत नाहीत. ‘सत्यकथा’ या मासिकाचे अंक आज अभ्यासकाला हवे तर मिळतात. ‘येरू’चा अंक पाहावयाचा तर कोणाच्या तरी घरचा पोटमाळा गाठावा लागतो.

‘सत्यकथे’चा विषय निघालाच आहे, तर एका गैरसमजाचे निराकरण करणे मला आवश्यक वाटते. अनियतकालिकांची चळवळ म्हणजे मौजेच्या त्या मासिकाविरुद्धचे बंड, असे वर्णन इतके रूढ झाले आहे की त्यापलीकडे कोणी पाहतच नाही. अशोक शहाणे यांनी १९६३ साली ‘मनोहर’मध्ये आजकालच्या मराठी साहित्यावर ‘क्ष’ किरण टाकला आणि प्रस्थापितांना हादरा दिला, ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, हा इतिहास खराच आहे. परंतु कोलटकर आणि चित्रे यांच्या कविता ‘सत्यकथे’तही आल्या होत्या, आणि नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली रा. ज. देशमुख यांच्यासारख्या नामांकित प्रकाशकाने काढली होती. म्हणजे दारे सर्वस्वी बंद होती असे नव्हे. अनियतकालिकांनी जे मिळविले ते निराळेच होते. मासिकाच्या संपादकाला हजारो अनोळखी वाचकांचा विचार करावा लागतो. येथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचणाऱ्याचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याला समजेल इतपतच खुलासा करून तो बाकीचे सोडून देऊ शकत होता. मराठी कवितेच्या भाषेत त्या पंधरावीस वर्षांत जो धीटपणा आला, त्याचे एक मोठे कारण माझ्या मते हे आहे.

मुंबईतील काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये कोलटकर गुरुवारी दुपारी बसत आणि स्नेही तेथे येऊन मिळत, ही बैठक वर्षानुवर्षे चालली. हस्तलिखिते तेथे फिरली, पुस्तकांची देवघेव झाली, मुखपृष्ठांचे बेत ठरले. व्यवसायाने जाहिरातसंस्थेतील कलादिग्दर्शक असलेल्या या कवीला अमेरिकन कृष्णवर्णीय गवयांचे ब्लूज आणि वारकऱ्यांचे भजन यांचा सारखाच नाद होता. अर्जुन शेजवळ यांच्याकडे त्यांनी पखवाजाचे धडे घेतले, आणि बळवंतबुवा नावाच्या भजनी मित्राच्या आयुष्यावर ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. कविता, भजन, तबकड्या आणि चित्रे यांची वाटणी निरनिराळ्या विभागांत करण्याची आपली सवय या वर्तुळाला लागू पडत नाही.

मुंबईबाहेरही असेच दिवे लागत होते. अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा १९६५ पासून ‘डॅम यू’ नावाचा चक्रमुद्रित अंक काढीत. कलकत्त्यात ‘हंग्री’ पिढीच्या कवींची एकपानी पत्रके १९६१ पासून वाटली जात होती आणि १९६४ साली त्यांपैकी मलय रायचौधुरी यांना अटकही झाली. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ चालविले. या ‘वृश्चिका’चा एक विशेष असा की चित्रकारांनी कोरलेल्या लिनोच्या ठशांची मूळ मुद्रितेच त्यात असत, म्हणजे अंक घेणाऱ्याच्या हाती चित्राचे छायाचित्र न पडता चित्रच पडे. १९७० साली मध्ययुगीन भक्तिकाव्याला वाहिलेला त्याचा जोडअंक निघाला, त्यात आपल्या संतांच्या रचना कोलटकर आणि चित्रे यांच्या इंग्रजी अनुवादांतून आल्या. देहू-पंढरीच्या वाटेवर गायिलेले अभंग बडोद्याच्या चित्रकारांच्या अंकातून इंग्रजी वाचकांपर्यंत जावेत, हा प्रवास कोणत्याही विद्यापीठाच्या योजनेने झालेला नाही. तो मैत्रीने झाला.

या वर्तुळांतून पुढे प्रकाशने निघाली. १९७६ साली आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, मेहरोत्रा आणि कोलटकर या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ स्थापून आपापले इंग्रजी काव्यसंग्रह काढले; कोलटकरांची ‘जेजुरी’ त्यांतलीच, आणि पुढील वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या, आणि त्यानंतर मराठी वाचकाला या कवीच्या पुढच्या संग्रहांसाठी पंचवीस वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा कोलटकर हयात नव्हते. मधल्या काळात त्यांच्या कविता हस्तलिखितांच्या आणि छायाप्रतींच्या रूपाने ज्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या, त्यांना हा कवी केवढा आहे हे माहीत होते. इतरांना नव्हते. आणि येथेच या व्यवहाराच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहतो.

मर्यादा अशी की मित्र कोणाला कोण मिळतो, हे आपल्या समाजात जातीने, वस्तीने, शाळेने आणि भाषेने पुष्कळसे आधीच ठरलेले असते. ज्या हॉटेलात बैठक भरते तेथे बसून चहा मागविण्याइतके पैसे आणि मोकळी दुपार ज्याच्यापाशी आहे, तोच त्या बैठकीचा सभासद होऊ शकतो. आरंभीच्या अनियतकालिकांत स्त्रियांची नावे शोधू गेल्यास फारशी हाती लागत नाहीत. त्यांना आपली नियतकालिके पुढे स्वतंत्रपणे उभारावी लागली, त्यांत ‘बायजा’ आणि १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ यांचा उल्लेख केला पाहिजे. दलित लेखकांनी मात्र या वर्तुळाची भिंत आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाडली. राजा ढाले अनियतकालिकांच्या ऐन मध्यावर होते. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अस्मितादर्श’ उभे केले आणि ते नेमाने, दीर्घकाळ चालविले. १९७२ साली ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्या पुढाकाराने दलित पँथर स्थापन झाली, आणि त्याच वर्षी विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. टॅक्सी चालविणाऱ्या कवीची ही कविता समजून घेण्यासाठी तेंडुलकर गोलपिठ्याच्या वस्तीत ढसाळांबरोबर हिंडले. येथे वाचकाला कवीच्या वर्तुळात जावे लागले, कवीला वाचकाच्या नव्हे. आणि चित्रे यांनी पुढे कित्येक वर्षे ढसाळांच्या कवितेचा इंग्रजी अनुवाद करून ती परदेशी वाचकांपर्यंत नेली, तीही याच मैत्रीच्या पोटी.

‘अज्ञात कला’ असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाला अज्ञात, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे आंबेडकरी लोककवी वामन कर्डक (१९२२–२००४) यांची गीते मराठी काव्याच्या रूढ इतिहासांत दीर्घकाळ औषधालाही सापडत नव्हती. आणि त्याच काळात ती हजारो गळ्यांत होती, गायनपार्ट्यांच्या वह्यांत उतरून घेतली जात होती, जलशांत, जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या मांडवात गायिली जात होती. एका गायकाच्या वहीवरून दुसऱ्याने नकलून घ्यावे, चाल आपल्या गळ्याप्रमाणे फिरवावी, नवे कडवे जोडावे, ही वारकऱ्यांचीच रीत होती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि ही गीते ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांना वळसा घालून वस्त्यावस्त्यांत गेली. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्याने एकदा फेरी मारली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. पदपथावर चादरी अंथरून मांडलेल्या पातळ पुस्तिका, त्यांवर वाकलेली गर्दी, कॅसेटी आणि पुढे सीडींच्या चळती, आणि ‘हे गाणे आमच्या गावात नाही, दोन द्या’ असे म्हणत पिशवी पुढे करणारा खेड्यातला माणूस, हे दृश्य मराठी ग्रंथव्यवहाराच्या अहवालांत येत नाही. पण मराठीत वाचनाची आणि गाण्याची एवढी उत्कट, एवढी मोठी देवघेव मला अन्यत्र दिसलेली नाही. ‘शब्द’ आणि ‘असो’ यांना आपण चळवळ म्हणतो. हिला चळवळ म्हणून नोंदविण्यास इतिहासकारांनी एवढा उशीर का केला, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

शास्त्रीय संगीताच्या प्रांतात हाच व्यवहार आणखी निराळ्या अंगाने घडला. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा एकही सूर ध्वनिमुद्रित रूपात आज उपलब्ध नाही, ही महाराष्ट्राच्या संगीतेतिहासातील केवढी हानी आहे हे मुद्दाम सांगावयास नको. ज्यांनी तबकड्या दिल्या त्यांनाही साडेतीन मिनिटांत ख्याल आटोपावा लागे. पन्नाशी-साठीच्या दशकांत सधन रसिकांच्या घरी रिळाची ध्वनिमुद्रणयंत्रे आली आणि परिस्थिती पालटली. सेकंदास पावणेचार इंच या गतीने बाराशे फुटांचे रीळ एका बाजूस तासाहून थोडे अधिक चाले; म्हणजे विलंबित ख्याल त्याच्या खऱ्या देहमानाने प्रथमच टिपता येऊ लागला. निवृत्तीबुवा सरनाईक, शरच्चंद्र आरोलकर यांच्यासारख्या ज्या गवयांच्या बाजारी ध्वनिमुद्रिका अगदी मोजक्या, त्यांचे ऐन बहरातील गाणे पुढील पिढीने ऐकले ते बव्हंशी अशा खाजगी फितींवरून.

या फितींचे ऐकणे ही एक स्वतंत्र गोष्ट आहे. आरंभी तंबोरे लागत असतात, कोणीतरी खुर्ची सरकवतो, यजमान पाणी मागवितात. गवई दोन शब्द बोलतो ते अर्धवट ऐकू येतात. मग गाणे सुरू होते, आणि जागा आली की यंत्राजवळच बसलेल्या रसिकाची ‘क्या बात है’ सर्वांत मोठ्याने उमटते. ऐन तानेत रीळ संपते. दुसरी बाजू लावीपर्यंत जे गेले ते गेले. त्या फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत जातात तसतशी खरखर वाढते, स्वर किंचित चढतो किंवा उतरतो, आणि पाचव्या-सहाव्या पिढीच्या कॅसेटवर काळी चारचे गाणे काळी पाचच्या जवळ जाऊन बसलेले आढळते. अशी फीत देणारा माणूस ती सहसा सहजासहजी देत नसे. आधी बसवून ऐकवी, ऐकणाऱ्याची मान कोठे हलते ते पाही, आणि मगच नक्कल करून देण्याचे कबूल करी. बहुधा ‘पुढे कोणाला देऊ नका’ या अटीवर. ही अट पाळली जात नसे म्हणूनच पुष्कळ गाणे वाचले, हेही तितकेच खरे.

पण अट मोडणे सर्वत्र सारखेच निर्दोष मानावे असे मला वाटत नाही. अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन फार पूर्वीच सोडले, ध्वनिमुद्रिका काढू दिली नाही, आणि मुंबईतील आपल्या घरी शिष्यांना शिकवीत २०१८ पर्यंतचे आयुष्य व्यतीत केले. त्यांच्या सुरबहारवादनाचे जे थोडे अंश रसिकांत फिरतात, त्यांच्यामागे त्यांची संमती नव्हती. ते वादन मी ऐकले आहे, आणि त्याने झालेल्या आनंदाचे वर्णन करण्यास माझे शब्द तोकडे पडतील. तरीही ते मी कोणाला पुढे दिलेले नाही. कलेवर रसिकांचा हक्क असतो, हे वाक्य आपण फार सहजपणे उच्चारतो. कलावंत हयात असता त्याचा नकार हाही त्याच्या कलेचाच एक भाग समजावयास हवा, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नाही अशा जाणत्या रसिकांची संख्या मोठी आहे हेही मला ठाऊक आहे.

याच्या उलट टोकाची एक हकीकत गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची. ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूष असत. परंतु १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पृथ्वीच्या संगीताची सुवर्णतबकडी अंतराळात धाडली तेव्हा तिच्यात केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज गेली, आणि ती गेली एका संगीताभ्यासकाच्या आग्रहामुळे. तबकडी तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधाशोध करता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात तिच्या काही प्रती खोक्यात पडलेल्या सापडल्या. जाणकाराचा आग्रह नसता, किंवा त्या दुकानदाराने न खपणाऱ्या तबकड्या भंगारात घातल्या असत्या, तर ती निवड कागदावरच राहिली असती.

परदेशांतील अशा व्यवहारांशी आपली तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सोव्हिएत रशियात कवितांच्या प्रती कार्बन कागदांवर टंकित होऊन गुप्तपणे फिरल्या, लेनिनग्राडात रुग्णालयांतील टाकाऊ क्ष-किरण चित्रपटलांवर निषिद्ध गाणी कोरून विकली गेली, व्लादिमीर व्हिसोत्स्कीची गाणी रिळांवरून घरोघर पोहोचली. तेथे प्रत्येक प्रतीमागे तुरुंगाचे भय होते. आपल्याकडे ‘हंग्री’ कवींवरील कारवाई आणि जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळातील भूमिगत पत्रके सोडली तर भय नव्हते, उपेक्षा होती. लंडनमध्ये १९७६ साली पंक संगीताच्या वेडाने मार्क पेरी याने काढलेले ‘स्निफिंग ग्लू’ किंवा त्याआधी अमेरिकेत १९३० पासून विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेली घरगुती पत्रे यांची जात आमच्या अनियतकालिकांना अधिक जवळची आहे. मुंबईत इंग्रजी रॉक संगीताच्या तरुण वेड्यांचे असेच एक वर्तुळ रंगभवनच्या खुल्या नाट्यगृहाभोवती आणि काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’भोवती बरीच वर्षे जमत असे, ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. त्या वर्तुळाचा अभ्यास त्यातीलच कोणी केलेला बरा.

वर्तुळ बदलले की तोच मजकूर निराळा कसा ठरतो, याचे आपल्याकडील सर्वांत बोधक उदाहरण वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे आहे. ती प्रथम ‘प्रास’ने भित्तिपत्रक-कविता म्हणून काढली, आणि ज्यांच्या भिंतींवर ती लागली त्यांना तिच्यातील दाह कोणाविरुद्ध आहे हे समजत होते. १९९४ साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली, आक्षेप आला, अश्लीलतेचा खटला उभा राहिला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१५ साली निर्णय लागला. पत्रिकेच्या संपादकाने माफी मागितलेली असल्याने त्यास मोकळीक मिळाली. कवीला मात्र खटल्यास तोंड देण्यास सांगण्यात आले. कविता तीच, शब्द तेच. मध्ये फक्त देणारा हात गळला होता, जो हाती देताना ‘हे असे वाच’ असे एक वाक्य बोलला असता. या निर्णयाने माझ्या मनाला लागलेला चटका अद्याप गेलेला नाही.

आज नकला काढण्याचे श्रम उरले नाहीत. तरुण मंडळी पुन्हा हाताने शिवलेल्या छोट्या पुस्तिका काढतात, मुंबईत त्यांचे मेळे भरतात, आणि त्या पाहिल्या म्हणजे कागदाची ओढ संपलेली नाही याची खात्री पटते. जुन्या साहित्याची स्थिती मात्र चिंता करण्याजोगी आहे. चक्रमुद्रित अंकांचा कागद दुमडीवर तुटतो. रिळांवरचा लेप सुटून यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी जमते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने सुरेश चांदवणकर यांच्या कष्टांमुळे जुन्या तबकड्यांची नोंद आणि चर्चा नेटाने चालविली. तसे काम खाजगी फितींसाठी, आणि गायनपार्ट्यांच्या वह्यांसाठी, अद्याप व्हावयाचे आहे. वह्यांचे काम अधिक निकडीचे, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रती बहुधा नाहीतच. कोणत्याही संस्थेच्या अनुदानाची वाट न पाहता घरोघर करण्याजोगा त्यातला एक भाग आहे. कपाटातल्या फितीवर ‘यमन, बुवा’ एवढेच लिहिलेले असेल तर ज्या वडीलधाऱ्यांना ते बुवा कोण हे अजून आठवते, त्यांच्याजवळ बसून ती एकदा ऐकावी, आणि वेष्टनावर ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवावे: गाणारा कोण, तबल्याला आणि पेटीला कोण, साल कोणते, मैफल कोणाच्या घरी झाली, आणि ही नक्कल आपल्याला कोणी दिली.